गोणीची पाटी

आमच्या रस्त्यावर कुत्र्यांना सगळ्यात जास्त घाबरतो कोण, असं कुणालाही विचारा, तो पेंटरच्या दुकानाकडे बोट दाखवील. आणि कुत्र्यांच्या जिवावर पोट कुणाचं चालतं असं विचाराल, तरी बोट तिकडेच जाईल. माझं दुकान त्याला लागून आहे. मी काचा कापतो आणि फोटो फ्रेम करून देतो. दोन दुकानांमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे त्याचं टर्पेंटाइन माझ्या नाकात आणि माझी करवत त्याच्या कानात, असा आमचा संसार तरुणपणापासून चालू आहे.

एके काळी पेंटर सगळंच रंगवायचा. दुकानांची नावं, डॉक्टरांच्या पदव्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे. मग फ्लेक्स आलं आणि एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. टिकल्या त्या फक्त 'कुत्र्यापासून सावध'च्या पाट्या. त्याला कारण आहे. फ्लेक्सवरचा कुत्रा वर्षभरात उन्हानं विटतो. आधी त्याची जीभ पांढरी पडते, मग डोळे जातात, आणि शेवटी फाटकावर उरतो तो एक आजारी कुत्रा. त्याला पाहून चोर घाबरायचा सोडून हळहळत बसेल. पेंटरचा कुत्रा पत्र्यावर असतो. पत्रा घासून, त्यावर लाल प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात, आणि मग इनॅमलमध्ये काढलेला कुत्रा. तो मालकाच्या आधी मरत नाही.

गिऱ्हाईक आलं की पेंटरचा पहिला प्रश्न ठरलेला. "जात कोणती?" प्रत्येक जातीचा पुठ्ठ्यातून कापलेला साचा त्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. दुसरा प्रश्न, तोंड मिटलेलं, उघडं, की लाळेसकट? लोक बहुतेक लाळेसकटच घेतात. घरात मांडीवर झोपणारं लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू, आणि पाटीवर हवा डॉबरमन. एकाकडे तर कुत्राच नव्हता, मांजर होतं. पेंटरनं त्यालाही अल्सेशियन काढून दिला.

मला स्वतःला या जातींच्या गप्पांचा मनापासून वीट आहे. प्रत्येक काळाचा एक बदनाम कुत्रा असतो. मी तरुण असताना अल्सेशियनचं नाव काढलं की लोक रस्ता बदलायचे. मग डॉबरमनची पाळी आली. त्याचा म्हणे मेंदू वाढत जातो, कवटीत मावेनासा होतो आणि तो मालकावरच उलटतो. हे सांगणाऱ्यानं डॉबरमन पाहिलेला नसायचा, मेंदू तर नाहीच नाही. पुढे रॉटवायलर आला, मग पिटबुल आला. आता अल्सेशियन दिसला तर लोक म्हणतात, अरे वा, किती गुणी कुत्रा! कुत्रा तोच आहे, फक्त भीती दुसऱ्या घरी राहायला गेली आहे.

पेंटरला मात्र या भानगडीत पडायचंच नसे. तो सगळ्याच जातींना सारखा घाबरायचा. समोरून पॉमेरेनियन येताना दिसलं की हा पलीकडच्या फुटपाथवर. शाळेतून घरी जाणारी पोरं त्याच्या दुकानाबाहेर भुंकून पळायची, आणि दर वेळी ब्रश हलल्यामुळे एखादं अक्षर फुगायचं. लहानपणी कुत्रा चावला होता का, असं मी त्याला एकदा विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चावेल म्हणून."

या भीतीमुळेच त्याचे कुत्रे इतके जिवंत निघायचे, असं माझं मत आहे. सगळी ताकद डोळ्यांत असायची. ते डोळे त्यानं आपल्या सासऱ्यांवरून घेतले होते. हे गुपित त्यानं मला वहिनी माहेरी गेलेल्या असताना सांगितलं. वहिनींना ते पहिल्या पाटीपासूनच कळलं होतं, हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. "बाबांची लाळ तेवढी गळत नव्हती," असं म्हणाल्या.

तर एका दुपारी सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला बैठ्या घरात राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. जन्म इस्पितळात गेला, लग्न केलं नाही. रस्त्यावरची माणसं इंजेक्शन घ्यायला, जखम बांधून घ्यायला, रक्तदाब मोजून घ्यायला त्यांच्या बाहेरच्या खोलीत जातात. भाऊ त्यांच्याजवळच राहायचा. तो मागच्या वर्षी वारला आणि त्याचा कुत्रा मागे राहिला.

"पेंटर, पाटी हवी आहे."

"जात कोणती?"

"रॉटवायलर."

पेंटरचा ब्रश डब्यावरच थांबला. "खरा आहे, की पाटीपुरता?"

"खरी आहे. गोणी नाव तिचं. दारात गोणीसारखी पडून असते, म्हणून भाऊ तसं म्हणायचा."

भिंतीवरून डोकावून मी विचारलं, "मग पाटी कशाला? रॉटवायलर असल्यावर कोण येतंय आत?"

"परवा चोर आला होता," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या अंगणातली पाण्याची मोटर उचकटत होता. मी खिडकीतून पाहिलं, तर आमची बाई त्याच्या शेजारी बसून सगळं काम बघतेय. मी ओरडले तसा तो मोटर घेऊन पळाला. तर ही त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली."

पेंटर हसला नाही. रॉटवायलर हा शब्द ऐकल्यापासून त्याचं हसू आटलं होतं.

"तेव्हा पाटी अशी करा," सिस्टर म्हणाल्या, "की चोराला फाटकातच घाम फुटला पाहिजे. एकदा आत आला तर माझं काही खरं नाही. ही त्याला उरलेलं घर दाखवील."

पेंटरनं त्या पाटीत जीव ओतला. रॉटवायलरचा साचा उतरवला, पण तो त्याला मऊ वाटला, म्हणून कान डॉबरमनसारखे आणखी टोकदार केले. मान फुगवली. जबडा उघडला आणि दात काढायला सगळ्यात बारीक ब्रश घेतला. लाळ तर गिऱ्हाइकानं मागितलीसुद्धा नव्हती. आणि डोळे! सासरे लग्नाच्या आधी जावयाकडे बघायचे तसे. खाली लिहिलं, 'रॉटवायलर. अत्यंत धोकादायक कुत्रा. आत येऊ नये.' त्यातलं 'अत्यंत' त्याच्या पदरचं. पाटी वाळत ठेवली त्या दिवशी माझ्या दुकानात आलेल्या बाई फ्रेम न घेताच परत गेल्या.

पाटी लावायला नेहमीप्रमाणे मीच. हा आमचा जुना रिवाज. कुत्रा घरात असेल तर पेंटर रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि तिथून "डावीकडे वर घे, आता उजवीकडे" असं सांगतो, आणि ड्रिल घेऊन कुत्र्याच्या तोंडी जातो मी. त्या दिवशी मी फाटक उघडलं, तेव्हा गोणी सावकाश उठून आली, माझ्या चपला हुंगल्या आणि माझ्या पायांवर आडवी झाली. स्क्रू पिळून होईपर्यंत मला हलता आलं नाही. ज्या पाटीवर तिचा अवतार टांगला जात होता, त्या पाटीखाली ती घोरत होती.

"बांधली आहे ना तिला?" पलीकडून आवाज आला.

"मलाच बांधलंय," मी ओरडलो.

पाटीनं आपलं काम चोख केलं. चोर फिरकला नाही. पण दुसरंही कुणी फिरकेना. कालपर्यंत जे लोक गोणीला ओलांडून आत जायचे, तिला बिस्किट द्यायचे, त्यांना आज पाटी वाचून कळलं की ती रॉटवायलर आहे. तोवर ती नुसती सिस्टरची काळी कुत्री होती. आता कुणी मोबाइलवर वाचलं की यांचा जबडा एकदा बसला की सुटत नाही. कुणी म्हणालं, परदेशात यांच्यावर बंदी आहे. कुठल्या देशात, ते त्याला सांगता येईना. रक्तदाब मोजायला येणारे आजोबा फाटकाच्या गजांतून हात आत घालून उभे राहू लागले. रक्तदाब अर्थातच वाढलेला निघायचा.

मग कुरिअरवाला पडला. स्कूटरवरून येता येता त्याची नजर पाटीवर गेली, त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि तो गुडघ्यावर आपटला. गोणी त्या वेळी मागच्या अंगणात झोपलेली होती. सिस्टरनीच त्याचा गुडघा धुऊन बांधला. पण संध्याकाळपर्यंत रस्त्यावर बातमी पसरली की रॉटवायलरमुळे माणूस पडला, रात्री जेवणापर्यंत रॉटवायलरनं माणसाला पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात एक गृहस्थ मला टाके किती पडले ते सांगत होते. मी त्यांना फ्रेमसकट बाहेर काढलं. माझ्या नाकावर राग असतो, पण त्या दिवशी तो सकारण होता.

आमच्या रस्त्याचं एक रहिवासी मंडळ आहे. त्याचे सेक्रेटरी म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. माणूस वाईट नाही, पण तक्रार आली की त्यांना बैठक घ्यावीच लागते. नव्यानं राहायला आलेल्या एका आईनं तक्रार केली. तिचं मूल नुकतंच चालायला लागलं होतं. बाकीच्यांनी मागोमाग माना डोलावल्या. मागणी एकच होती, कुत्रा शहराबाहेर ठेवावा. तिकडे अशा कुत्र्यांसाठी सिमेंटचे पिंजरे बांधलेले आहेत, म्हणे. रविवारी बैठक ठरली.

हे सांगायला सिस्टर दुकानात आल्या तेव्हा पेंटरच्या हातात पत्रा होता. तो त्यानं खाली ठेवला.

"पुरावा म्हणून तुमचीच पाटी दाखवताहेत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणतात, तुम्हीच लिहून लावलंय की अत्यंत धोकादायक."

"मी आत्ता काढतो पाटी."

"लोकांच्या डोक्यातून कशी काढणार? आणि तुमची चूक नाही, पेंटर. मीच म्हणाले होते चोराला घाम फुटू दे. तुम्ही सगळ्या रस्त्याला फोडलात." त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. स्टुलावर बसल्या. "भाऊ होता तेव्हा आम्ही दिवसभर भांडायचो. आता मी गोणीशी बोलते. ती गेली तर मला घरात तोंड उघडायला कारणच उरणार नाही. आणि तिचं तरी काय हो? म्हातारी झालीय. सिमेंटवर तिचे सांधे दुखतात."

त्या गेल्यावर पेंटरनं डबा उघडला नाही. वहिनींनी दिलेली भाजी-पोळी तशीच राहिली. खूप वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला.

"फ्रेम्या."

"काय?"

"मी तिला पाहिलंच नाही रे. जात विचारली आणि साचा उतरवला."

"तू कुठल्याच कुत्र्याला पाहिलेलं नाहीस," मी म्हणालो. हे मी चिडून म्हणालो होतो, पण त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवा पत्रा, स्टूल आणि रंगांची पेटी घेऊन माझ्या दारात उभा. चेहरा असा, की जणू याचं ऑपरेशन आहे. "चल," म्हणाला. मी दुकानाला कुलूप लावलं. असली गोष्ट पुन्हा बघायला मिळाली नसती.

पहिल्या दिवशी त्यानं स्टूल फाटकाबाहेर, रस्त्यात मांडलं. गोणी आतून आली, फाटकाखालच्या फटीतून नाक बाहेर काढून पडून राहिली. पेंटरनं पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले आणि कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाला, "अरे, हिचे कान पडलेले आहेत."

"रॉटवायलरचे कान पडलेलेच असतात."

"मी आजवर उभेच काढले," तो म्हणाला आणि त्यानं नाराजीनं मान हलवली. कामातली चूक त्याला खपत नाही.

पुढच्या दिवशी स्टूल फाटकाच्या आत आलं. मला त्यानं मध्ये उभं केलं होतं, म्हणजे गोणी उठलीच तर आधी मी. त्या दिवशी त्यानं पंजे काढले, पोट काढलं, हनुवटीवरचे पांढरे झालेले केस काढले. तिच्या डोळ्यांवर तपकिरी रंगाचे दोन ठिपके आहेत, ते ती विचारात पडली की वरखाली होतात. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा ब्रश थांबला. "फ्रेम्या, ही भुवया उडवते," तो म्हणाला. त्यानंतर तो मला मध्ये उभं राहायला सांगायचं विसरला.

पण डोळे राहिले. इतक्या लांबून डोळ्यांचा रंग कळेना. साचा तर त्यानं आणला नव्हता आणि सासऱ्यांचे डोळे या तोंडावर बसणं शक्य नव्हतं.

"जवळ यायला लागेल," सिस्टर दारातून म्हणाल्या. "मात्र तिच्याकडे रोखून बघत पुढे जाऊ नका. पायरीवर बसा, तोंड बाजूला करा. तिला येऊ दे."

"येईल?"

"तिला दुसरं काम काय आहे?"

पेंटर पायरीवर बसला. डोळे गच्च मिटून घेतले. गोणी उठली. आळस दिला. त्याच्यापाशी आली, टर्पेंटाइनचा वास आला तशी जोरात शिंकली, आणि पेंटरचा सगळा चेहरा ओला झाला. तो ओरडला नाही. त्याची बोबडीच वळली होती. मग तिनं आपलं ते भलंमोठं डोकं त्याच्या मांडीवर टेकवलं आणि खोल श्वास सोडला.

"फ्रेम्या," तो कुजबुजला, "हिचं वजन किती असेल?"

"आता विचारून काय उपयोग?"

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. त्या दोघांनी एकमेकांकडे किती वेळ पाहिलं कोण जाणे. मी शेजारच्या झाडाकडे बघत राहिलो. हा माणूस माझ्या भिंतीपलीकडे सबंध आयुष्य घाबरत काढत होता, आणि आता त्याचा रिकामा हात गोणीच्या मानेवर गेला होता. मला इतकं बरं वाटलं, की मी सिस्टरकडे चहा मागितला. एरवी मी कुणाकडे काही मागत नाही.

नवी पाटी झाली. उंबरठ्यावर पडलेली गोणी, एका चपलेवर हनुवटी, तोंड मिटलेलं. डोळे तिचेच. खाली साधी अक्षरं, 'गोणी. रॉटवायलर. अंगानं मोठी आहे, हाक मारून आत या. फाटक लावून घ्या.' पेंटरचं ते सगळ्यात चांगलं काम आहे, आणि मी त्याची सगळी कामं पाहिली आहेत.

रविवारी मंडळाची खोली भरली. सिस्टर दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गोणी त्यांच्या खुर्चीखाली जेवढी मावते तेवढी शिरली होती, म्हणजे फक्त डोकं. तिच्या आजूबाजूच्या दोन रांगा मोकळ्या होत्या. पेंटरनं पाटी समोरच्या टेबलावर उभी केली. खोलीत जरा कुजबुज झाली. कुणीतरी "वा" म्हणालं. मला वाटलं, जिंकलो.

सेक्रेटरींनी चष्मा लावून पाटी पाहिली. "चित्र सुंदर आहे," ते म्हणाले. "पण पेंटर, तेही तुम्हीच काढलं होतं आणि हेही तुम्हीच काढलंत. आम्ही कुठल्यावर विश्वास ठेवायचा?"

पेंटर टेबलावरची पाटी उगाच सरळ करत राहिला.

मग त्या मुलाची आई उभी राहिली. ती भांडखोर वगैरे नव्हती, हे मी कबूल करतो. "ती चावत नाही, असं सगळे सांगतात," ती म्हणाली. "पण एकदा जरी चावली तर?"

"तर फार लागेल," सिस्टर म्हणाल्या. "लहान कुत्रा चावला तर मी पट्टी बांधते, हिच्या जबड्याला टाके लागतील. म्हणून तिला मोकळी सोडत नाही, सोडणारही नाही. लहान मुलांजवळ एकटी ठेवणार नाही. तसं तर मी कुठल्याच कुत्र्याला ठेवणार नाही."

सेक्रेटरींनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, राग मानू नका. तुमचं वय झालं. उद्या तुम्ही आजारी पडलात, पडलात-झडलात, तर हिला धरणार कोण? दुसऱ्या कुणाचं ती ऐकते का?"

धरणारा भाऊ होता, तो गेला होता. सिस्टरनी खाली वाकून गोणीचा कान हातात घेतला. प्रश्न रास्त होता. गोणी जाणार, हे मला त्या क्षणी दिसलं. मी उठायला लागलो, पण माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो.

"मी धरीन," पेंटर म्हणाला.

जे हसू फुटलं ते खोलीभर. हसणारच. याच्या दुकानासमोर भुंकून मोठी झालेली पोरं त्या खोलीत बापे होऊन बसली होती. सेक्रेटरीसुद्धा हसले. पेंटर उठला, दोन मोकळ्या रांगा ओलांडून सिस्टरच्या खुर्चीपाशी गेला आणि त्यानं हात पुढे केला. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पट्टा त्याच्या हातात दिला.

तो तिला घेऊन खोलीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत आला. हात थरथरत होता, ते शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. त्यानं ते लपवलं नाही. टेबलाजवळ पोचल्यावर गोणी त्याच्या पायावर बसली.

"मला कुत्र्यांची भीती वाटते," पेंटर म्हणाला. "तुम्हाला ठाऊकच आहे. आत्ताही वाटते आहे. पण हिला मी जवळून पाहिलंय. मी हिला धरीन." मग जरा थांबून म्हणाला, "पाय बधिर झालाय फक्त."

आता कुणी हसलं नाही. मुलाची आई आपल्या खुर्चीवरून किंचित पुढे झुकून गोणीकडे बघत होती. गोणीनं भुवया उडवल्या.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "बोलण्यानं होणार नाही, पेंटर. तिला तुमची सवय लागायला हवी. तुम्ही तिला रोज फिरवून आणलं पाहिजे. रस्त्याला ते दिसलं पाहिजे."

"रोज?"

"रोज."

पेंटरनं खाली पाहिलं. गोणी तोपर्यंत आडवी झाली होती. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण तो काय म्हणेल, ते मला खरंच सांगता आलं नसतं.

"सकाळी, की संध्याकाळी?" त्यानं विचारलं.

असं ठरलं. मुलाच्या आईनं एकच अट घातली, की फाटकाला आतून चांगला अडसर बसवावा. सिस्टर म्हणाल्या, आजच बसवते. म्हणजे मलाच बसवावा लागणार होता. मी लगेच मान डोलावली.

बाहेर आल्यावर सिस्टरनी पट्टा घ्यायला हात पुढे केला. "द्या आता, पेंटर. दमला असाल."

"असू दे," पेंटर म्हणाला. "घरापर्यंत येतो."

तो आणि गोणी पुढे चालू लागले. पाटी काखेत धरून मी त्यांच्या मागे, आणि माझ्या मागे सिस्टर. मी वळून पाहिलं तर त्या रडत होत्या आणि डोळे पुसायचीही तसदी घेत नव्हत्या. कोपऱ्यावर वळल्याबरोबर गोणीनं एकदम पाय उचलले. पेंटर तिच्यामागे जवळजवळ धावायलाच लागला, आणि मागे न बघता घाबरून ओरडला, "सिस्टर, अहो, ही ओढतेय!"

"ओढत नाहीये हो," सिस्टर म्हणाल्या. "घरी निघालीये."